चितरीची पाठ

गेणूनं चितरीला काखेत दाबलं, डाव्या हातानं तिच्या पाठीवरची पिसं बाजूला केली आणि हळद-तेलाच्या वाटीत बोट बुडवलं. बोट पाठीपर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं. लावायला जागाच उरली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी जिथं तळहाताएवढी लाल, सोललेली कातडी होती, तिथं सगळीकडं नवी पिसं आली होती. जुन्यांपेक्षा जरा गडद, पण दाट.

"अगं, इकडं ये. हिची पाठ बघ."

सखुबाई पदराला हात पुसत चुलीपासून उठून आली. तिनं कोंबडीकडं पाहिलं, हलकेच पिसांवरून बोट फिरवलं.

"भरली की."

"भरली."

"मंग ती वाटी इकडं द्या."

वाटी घेऊन ती आतल्या खोलीत गेली. तिथं हर्षाली होती. सखुबाईनं मागं दार लोटून घेतलं. काखेत कोंबडी तशीच धरून गेणू अंगणात उभा राहिला.

हर्षाली त्यांची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी तिला मनोजला दिली. मुलगा सातपूरला कंपनीत कायम कामाला, दारूचं नाव नाही, स्वतःची मोटारसायकल. गावात सगळे म्हणाले, गेणूनं सोनं शोधलं. चार दिवसांपूर्वी हर्षाली सकाळच्या एसटीनं एकटीच आली होती. हातात एक पिशवी, वैशाखाच्या उन्हात मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, आणि दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढलेला पदर. अशी ती पहिल्यांदा आली नव्हती. ही चौथी खेप.

आता कोंबड्यांचं सांगायचं, तर खोड गेणूचीच. त्याला कोंबडे विकवत नसत. तुरा असा डोलायला लागला, मानेवर रंग चढला, की बाजारात न्यायला त्याचा पाय उचलायचा नाही. येवल्याच्या बाजूच्या आपल्या खेड्यात एवढे देखणे कोंबडे कुणाच्या दारात नाहीत, असं तो कुणीही विचारलं नसताना सांगायचा. त्यामुळं गेल्या वर्षी अंगणात सात कोंबड्या, एक तलंग म्हणजे नुकतीच वयात येणारी कोवळी कोंबडी, आणि त्यांच्यामागं चार कोंबडे असा प्रकार झाला. चौघांना दिवसभर दुसरा उद्योग नव्हता. चितरी अंगानं सगळ्यांत हलकी, तिला पळताही येईना. चौघंही तिच्यावरच चढायचे. चोचीनं मानेची पिसं उपटली, नख्यांनी पाठ सोलली. शेवटी ती दिवसभर पाण्याच्या टाकीमागच्या बोळकांडीत अंग चोरून बसायला लागली. दाणे टाकले तरी बाहेर येईना.

लस टोचायला येणाऱ्या रेहानानं ते पाहिलं होतं. गावोगाव फिरून जनावरांचं बघायचं हेच तिचं काम. बोलायला फटकळ.

"काका, दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरे होतो. हे चौघं हिला जित्ती ठेवायचे नाहीत. कमी करा."

"अगं, कोंबडा हाय तो," गेणू हसून म्हणाला होता. "त्याची जातच तशी."

"जात त्याची, पाठ तिची," रेहाना म्हणाली होती आणि सुई पुसून पुढच्या घरी गेली होती.

कोंबडे कमी झाले, पण चितरीसाठी नाही. एक गावच्या जत्रेत गेला. उरलेले तीन गेले जावयासाठी. जावई दारात आला की कोंबडा कापायचा, ही रीतच. त्यातून तो बायकोला परत न्यायला आलेला, घुश्शात असलेला जावई असला, तर अंगणातला सगळ्यांत मोठा. तिन्ही वेळा गेणूनं स्वतः सुरी धरली. तिन्ही वेळा सखुबाईनं काळ्या मसाल्याचा रस्सा केला. तिन्ही वेळा मनोजनं बोटं चाटत "मामा, रस्सा एक नंबर" म्हटलं आणि ऊन कलायच्या आत हर्षाली मोटारसायकलवर मागं बसून गेली. पहिल्या वेळेला ती "मला तिथं नको, आण्णा" एवढं म्हणाली होती. गेणू म्हणाला होता, "भांड्याला भांडं लागायचंच, बाई. संसार हाय." त्यानंतरच्या दोन्ही वेळा ती काहीच म्हणाली नव्हती. गेणूला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

तिसरा कोंबडा फाल्गुनात कापला. त्यानंतर अंगण बिनकोंबड्याचं झालं.

पहिले आठ दिवस कोंबड्या बावचळल्यासारख्या फिरत होत्या. दाणा दिसला की हाका मारून बोलवणारं कुणी नाही. घारीची सावली पडली की ओरडणारं कुणी नाही. चौथ्या दिवशी घारीनं भरदुपारी ती तलंग उचलली, आणि बाकीच्या उकिरड्यावर माना खाली घालून तशाच उकरत राहिल्या.

"कोंबड्याबिगर राखण नाय," सखुबाई हळहळली. "आनावा एक."

गेणूनं मान डोलावली, पण आणायचं राहून गेलं. कांदा काढणीचे दिवस होते. तेवढ्यात भुरी आणि काळी या कोंबड्यांत जुंपली. दोन दिवस एकमेकींच्या तुऱ्याला रक्त काढलं. भुरी वरचढ ठरली आणि मग काय नवल, ती पाट्याच्या दगडावर चढून मान ताठ करून उभी राहायला लागली. बाकीच्या टिपायच्या आणि ही आभाळाकडं बघायची. एके दुपारी तिनं असा काही कल्ला केला, की सगळ्या एका दमात कांद्याच्या चाळीखाली शिरल्या. घार दोन घिरट्या घालून गेली. गेणू चाळीच्या कुडाला टेकून हे बघत होता. त्यानं सखुबाईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "वेळ पडली का बाई करतीच की."

अंडी होती तेवढीच राहिली, याचं त्याला नवल वाटलं. फक्त पिलं निघायची नव्हती. काळी खुडूक होऊन अंड्यांवर बसली, बावीस दिवस टोपलीतून हलली नाही. शेवटी गेणूनं तिच्या पोटाखालची अंडी एकेक करून काढली आणि बांधाला खड्ड्यात पुरली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पहाटे आरवणं बंद झालं होतं. जाग यायची तीच उन्हं कौलांवर आल्यावर, आणि मग उगाच सगळा दिवस उशिराचा वाटायचा.

चितरी पंधराव्या दिवशी टाकीमागून निघून उंबऱ्यापर्यंत आली. उकिरड्यापर्यंत जायला तिला महिना लागला.

मनोजचा फोन शुक्रवारी आला.

"रविवारी येतो, मामा. तिला तयार ठेवा. दर वेळी मला सुट्टी मिळत नाय."

गेणू "बरं बरं" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला पहिलं आठवलं ते हे, की घरात कोंबडा नाही.

खरं सांगायचं, तर त्याच्या मनात वेगळं काही आलंच नाही. आलं असेल तरी ते त्यानं पुरतं येऊ दिलं नाही. लग्न झालेली पोर बापाच्या घरात किती दिवस ठेवायची? भावकी काय म्हणेल? पारावरची माणसं विचारतील, तेव्हा काय सांगायचं? शनिवारी सकाळी तो बाजारात गेला आणि तांबडा, भरल्या अंगाचा कोंबडा घेऊन आला. पायाची दोरी सोडून त्याला अंगणात ठेवला, दोन दाणे खाऊन अंग धरील म्हणून.

कोंबड्या जागच्या जागी थिजल्या. कोंबड्यानं एकदा पंख झाडले, बांग दिली आणि सरळ चितरीच्या दिशेनं सुटला. चितरी टाकीमागं गेली नाही. ती उंबरा ओलांडून घरात शिरली, सूप घेऊन गहू निवडत बसलेल्या हर्षालीच्या पायांवरून उडाली आणि खाटेखाली अगदी भिंतीला जाऊन चिकटली.

गेणूनं दारातच कोंबड्याला पकडलं. मान वर केली, तर हर्षाली त्याच्या हातातल्या कोंबड्याकडं बघत होती.

"उद्या येनार का ते?"

"हां. रविवार हाय ना."

हर्षालीनं सूप खाली ठेवलं. निवडलेल्या गव्हावर फडकं झाकलं. मग उठून खुंटीवरची पिशवी काढली आणि एकेक लुगडं नीट घडी घालून भरायला लागली. रडली असती, भांडली असती, तर गेणूकडं सांगायला पुष्कळ होतं. पण घड्या घालणाऱ्या माणसाला काय सांगायचं? तो कोंबडा घेऊन मागं फिरला, त्याला बांबूच्या डालग्याखाली झाकला आणि डालग्यावर दगड ठेवला.

सखुबाई गोवऱ्या घेऊन येत होती.

"काय म्हनली?"

"काय नाय. पिशवी भरतीया."

"भरनारच. तुमी कोंबडा आनला म्हनल्यावर तिनं काय समजायचं?"

सखुबाईनं गोवऱ्या खाली टाकल्या आणि आवाज बारीक करून बोलली, पण दात आवळून बोलली.

"पाठ बघितली मी तिची. चार दीस झाले तेल लावतीया. पट्ट्याचे वळ हायेत. जुने काळे पडलेत, त्यांच्यावर नवे."

"मला आधी नाय सांगितलं?"

"सांगितलं असतं तं तुमी काय केलं असतं? कोंबडाच कापला असता."

ती गोवऱ्या उचलून चुलीकडं गेली. गेणू डालग्याशेजारी उकिडवा बसला. त्याला राग यायला हवा होता, निदान बायकोचा तरी. पण आली ती नुसती लाज, आणि ती अशी आली, की त्याला उठताच येईना. मुलगी घरात आली तेव्हा तिच्या पाठीकडं त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं, आणि दोन महिने कोंबडीची पाठ रोज पाहिली होती.

रविवारी सकाळी त्यानं कोंबड्याचे पाय बांधले, त्याला काखेत घेतलं आणि सुरी न घेताच फाट्यावर जाऊन उभा राहिला. मोठ्या रस्त्यावरून गावात वळायची ती एकच वाट. मनोज दहाच्या सुमारास आला. सासऱ्याला तिथं बघून त्यानं गाडी थांबवली.

"मामा, इथं कुठं?"

गेणूनं कोंबडा पुढं केला.

"हे घ्या, पाव्हणं."

"इथं काय? घरी कापू की."

"तुमचा मान हाय तो. घिऊन जा. पोरगी यायची नाय."

मनोज आधी हसला. मग त्यानं गाडी बंद केली.

"येड लागलंय का, मामा? मी घरी जाऊन बोलतो तिच्याशी."

"घरी नाय जायचं."

गेणू वाटेच्या मधोमध, गाडीच्या चाकाला पाय लागेल इतका जवळ उभा होता, आणि सरकत नव्हता.

"लोकं थुंकतील तोंडावर," मनोज म्हणाला. "लग्न झालेली पोरगी घरात बसवली म्हणून."

"थुंकू द्या."

"महिन्यात तुमीच आणून सोडाल तिला माझ्या दारात. तीनदा धाडलीच ना? मुकाट धाडली."

ते खरंच होतं. गेणूनं पुढं होऊन कोंबड्याच्या पायाची दोरी गाडीच्या हँडलला अडकवली आणि गाठ मारली. मनोज दोन शिव्या देऊन वळला. गाडी वळणाआड जाईपर्यंत कोंबड्याचे पंख उलटे फडफडताना दिसत होते.

गेणू घरी आला, तेव्हा हर्षाली चांगलं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन उंबऱ्यात बसली होती.

"आले नाय?"

"आले व्हते. गेले."

"आन् कोंबडा?"

"त्यांच्यासंगं धाडला."

तिनं रिकाम्या डालग्याकडं पाहिलं, मग बापाकडं. चुलीपाशी सखुबाईचं लाटणं थांबलं होतं. गेणूला वाटलं, आता पोरगी काही बोलेल, निदान रडेल तरी. ती उठली, आत गेली आणि पिशवी खुंटीला अडकवली. भरलेलीच.

तिनं ती त्या दिवशी रिकामी केली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. लागतील ती दोन लुगडी वरच्यावर काढायची, धुवून वाळवून पुन्हा पिशवीत घालायची. आठ दिवसांनी सखुबाईला राहवलं नाही.

"तुमी तरी सांगा तिला. सोड म्हनावं पिशवी."

"मी कोन्त्या तोंडानं सांगू?" गेणू म्हणाला.

चितरी खाटेखालून निघाली नव्हती. गेणू रोज सकाळी मूठभर बाजरी खाटेच्या पायाशी टाकायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. संध्याकाळी बाजरी संपलेली असायची. भुरी दगडावर मान ताठ करून उभी असायची.

मोठ्या रस्त्यावरून मोटारसायकल गेली, की हर्षालीचे हात कामात थांबायचे आणि नजर खुंटीवर जायची. मग गेणू हातातलं टाकून उठायचा आणि गाडीचा आवाज पार लांब जाईपर्यंत उंबऱ्यात उभा राहायचा.