भागीची बैठक

ओहोटीला खडक उघडा पडला की विनेश पाव्हण्यांना घेऊन निघायचा. मुंबईची माणसं मांडव्याला बोटीतून उतरायची, रात्री त्याच्या घरी सुरमई चापायची आणि सकाळी प्यांटी गुडघ्यापर्यंत दुमडून काळ्या खडकांतून फिरायची. खाचेतल्या पाण्यात खेकडा पळाला तरी किंचाळायची. त्याचं विनेशच्या आईला, नीराबाईला काही नव्हतं. खेकडा काय तिच्या बापाचा होता?

त्या दिवशी ती खडकाला चिकटलेली कालवं फोडायला आधीच आलेली. मोठ्या कातळाआड वाकलेली, म्हणून लेकाला दिसली नाही. त्याचा आवाज मात्र तिला आला.

"या कातळात मध्ये खोलगट जागा आहे, बघा. इथं एक कोळीण बसायची. नवरा तिला टाकून गेला. ती इतकी रडली, इतकी रडली की आसवांनी दगड झिजला. शेवटी तिनं इथूनच उडी घेतली."

पाव्हण्यांतली मनाली नावाची पोरगी डोळे पुसायला लागली.

नीराबाईच्या हातातली कोयती थांबली. तो कातळ म्हणजे भागीची बैठक. भागुबाई, तिची सासू, विनेशची सख्खी आजी.

"विन्या," कातळाआडून उठत ती म्हणाली, "कोण रडली रं?"

विनेशचं तोंड उतरलं. "आये, तू घरी जा. लोकांना गोष्ट लागते."

"माझी सासू गोष्ट हाय व्हय? नवरा पळाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती इथं कोयती घेऊन बसली. कालवं फोडून पोरं वाढवली. तुझा बाप त्यातलाच. रडायला तिला सवड कुठं होती? शिव्या द्यायची, पार अलिबागला ऐकू जातील अशा. आन् दगड झिजला तो तिच्या बुडानं."

एक पाव्हणा फिसकन हसला. नीराबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो मुकाट खाचेतला तारामासा बघायला लागला.

"मग त्या गेल्या कशानं?" मनालीनं विचारलं.

"म्हातारपणानं, बाय. खाटेवर. माझ्या कालवणाला नावं ठेवत."

"आये, भरती लागली. वाट सोड," विनेश दात आवळून म्हणाला.

किनाऱ्याकडं जायला खडकातून वाट एकच, आणि तिच्या मधोमध नीराबाई उभी. पाणी घोट्याशी आलं होतं. टोकावरचा बगळासुद्धा उडून गेला.

"आधी खरं सांग यांना."

"खरं सांगितलं तर उद्या कोण येईल इथं?"

"नको येऊ दे. खेकडे दाखव, शंख दाखव, मी कवा आड आले? पन जिनं तुझा बाप जगवला, तिला पाण्यात ढकलतोस? ते पन त्या पळपुट्यासाठी?"

पाणी पोटऱ्यांना लागलं. पाव्हणे विनेशकडं बघायला लागले. त्यानं मान खाली घातली.

"ही भागीची बैठक," तो पुटपुटला. "माझी आजी..."

"मोठ्यानं," नीराबाई म्हणाली. "तिला कमी ऐकू यायचं."