लाल दोऱ्याची ओंबी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी झुंबरबाईंनी मला मुळासकट उपटलं. माझी खरी गोष्ट तिथून सुरू झाली. मी गव्हाची ओंबी बोलतेय.

दिंडोरीजवळ उज्वलाच्या रानात बियाण्याचा गहू होता. त्यात मी चुकून मिसळलेली, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. बियाण्याच्या गव्हात असं वेगळं रोप दिसलं की त्याला लाल दोरा बांधतात, मग मागून बाया येतात आणि उपटतात. भेसळ म्हणतात आम्हाला.

त्या साली तांबेरा पडला. पानाला हात लावला तरी बोटं तांबडी व्हायची. फक्त माझी पानं हिरवीगार. आदल्या संध्याकाळी संशोधन केंद्रातल्या निकिताताई आल्या. हिचे दाणे पिकले की ते आम्हाला द्या, असं उज्वलाला सांगून खुणेला दोरा बांधून गेल्या. नेमका लालच. उज्वला घरात सांगणार होती, पण तिची लेक सृष्टी तापली होती. राहून गेलं.

सकाळी ती धावत आली तेव्हा मी बांधावर पडलेली.

"आत्याबाई, ही ठेवायची होती."

"लाल दोरा बांधायचा आन उपटू बी नाय द्यायचं?" तिच्या सासूबाई, झुंबरबाई, म्हणाल्या. "मग काय लग्न लावायचं का हिचं?"

बाया हसल्या. उज्वला नाही हसली. माझे दाणे अजून कोवळे, दुधात होते. आणि घरात खायचा गहूही ह्याच रानातला. लेकीला दरवर्षी असला रोगट गहू कुठवर खाऊ घालायचा, हा तिला घोर.

तिनं मला तेलाच्या रिकाम्या डब्यात चिखलात लावलं. लेकीच्या कपाळाला हात लावावा तसा माझ्या पानांना लावायची. जगेल ना ही, असं येईल त्याला विचारायची. एकदा शेळी आली, तर झुंबरबाईंनीच कोंबड्या झाकायचं डालगं माझ्यावर पालथं घातलं.

दाणे पिकले. चिमूटभर, सुरकुतलेले, पण पिकले. निकिताताईंनी ते नेले.

पुढचं त्या चहा पिताना सांगायच्या. माझ्या दाण्यांच्या रोपांचा त्यांनी इथल्या नेहमीच्या गव्हाशी संकर केला. पुढच्या पिढ्यांत काही रोपं तांबडी पडली, काही हिरवी राहिली. दोन्हींची पानं ताडून बघत त्यांनी गव्हाच्या गुणांचा नकाशा काढला. हा नकाशा म्हणजे जणू एक गावच, केवढं मोठं, पण तांबेरा अडवणारा गुण कुठल्या आळीत राहतो ते सापडलं. आता रोप कोवळं असतानाच पानाच्या तुकड्यावरून निवडता येतं, रोगाची वाट बघावी लागत नाही.

"म्हंजी लग्न लावलंच की तुम्ही," झुंबरबाई म्हणाल्या. "आता पोळी मऊ होईल का तेवढं सांग बाई."

"ते यंदा कळेल, आजी."

यंदा उज्वलाच्या रानात माझी नातवंडं चाचणीला उभी आहेत. शेजारच्या वाफ्यात तांबेरा आलाय, त्यांच्यावर नाही. तरी उज्वला रोज जाऊन पानं उलटून बघते. बघू दे. आईच ती.

मी आता रिकामी. पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला लटकते, दोरा अजून लाल आहे. एवढंच मागते. रोगट रानात एखादं रोप एकटं हिरवं दिसलं, तर उपटायच्या आधी कुणा जाणत्याला विचारा. आणि उपटायला येणाऱ्या बायांनाही सांगा. आदल्या संध्याकाळीच सांगा.