लावण्याच्या लग्नाआधीचा शुक्रवार

वेस्ट मांबलममधल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सकाळचा उजेड समोरून कधीच येत नसे. पूर्वेला एक चार मजली इमारत उभी होती. तिच्या पाण्याच्या टाक्यांमागून सूर्य वर येईपर्यंत साडेसहा होत, आणि तोवर जो काही उजेड मिळे तो शेजारच्या पिवळ्या भिंतीवर पडून परतलेला, जरासा वापरलेला असे. आधी तो स्वयंपाकघराच्या जाळीवर थबके. मग ओट्यावरच्या पितळी कॉफी-फिल्टरवर एक बारीक रेघ उमटे. तिथून तो फरशीवर उतरे, देवघराच्या उंबऱ्याला टेके आणि झोपाळ्याच्या एका साखळीवर बराच वेळ रेंगाळे. आपण आलो आहोत हे कुणाच्या लक्षात येऊ नये, अशा बेताने तो घरभर पसरे. कृष्णवेणी अक्काचे वावरणेही असेच होते. उजेड आणि ती, दोघेही घरातल्या इतरांच्या आधी जागे होत, आणि घर दोघांनाही गृहीत धरी.

अक्काला वैधव्य आले ते एकोणतिसाव्या वर्षी. त्यानंतर आठ वर्षांनी तिच्या धाकट्या भावाची, सुधींद्रची पत्नी श्रीरंजनी तापाने गेली. सुधींद्र तेव्हा एका इंग्रजी दैनिकाचा परदेशी वार्ताहर होता. पत्नी गेली त्या दिवशी तो कुठल्याशा सीमेवर तोफांचे आवाज मोजत होता. चार वर्षांच्या लावण्यासाठी अक्काने शाळेतली नोकरी सोडली आणि या घरात आली. सुधींद्र युद्धांवर जात राहिला. इकडे अक्काने लावण्याचे गोवर, गणित, पहिली पाळी, इंजिनिअरिंगचा प्रवेश, सगळे निभावले. लावण्या आता श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती, आणि नऊ दिवसांनी तिचे अक्षतशी लग्न होते.

त्या बुधवारी आठ वाजता सुधींद्रचे पॉडकास्ट होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने हिंडणे सोडले होते. युद्ध आणि तह यांवर तो आता घरूनच बोले. आठला पाच कमी असताना अक्काने मिक्सर बंद केला, गळक्या नळाखाली फडके ठेवले आणि ओट्याशी हात बांधून उभी राहिली. त्याचा प्रत्येक कार्यक्रम ती ऐके. इंग्रजी तिला उत्तम समजे.

“वाटाघाटींच्या टेबलाशी कोण कोण बसलं आहे?” दिल्लीहून सहनिवेदक उपेंद्रने विचारले.

“कोण बसलेलं नाही, ते आधी सांगतो,” सुधींद्र म्हणाला. “वेढा पडलेल्या त्या शहरात अकरा महिने तळघरांमध्ये शाळा आणि दवाखाने चालवले ते बायकांनी. त्यांना निरीक्षक म्हणून बोलावलं आणि हॉटेलच्या लॉबीत बसवून ठेवलं. वर सेनापती बोलत होते. उपेंद्र, तहावर सही सेनापतींची असते, पण उद्यापासून ती शांतता जगायची या बायकांना. त्यांना दाराबाहेर ठेवून झालेला तह मी तरी तह मानत नाही.”

तो अभिनय नव्हता. हे वाचकाने ध्यानात घ्यावे. तो मनापासून बोलत होता.

“झालं? मिक्सर लावू?” अक्काने दारातून विचारले. मग म्हणाली, “त्या बायकांना काफी तरी दिली का रे कुणी?”

“अक्का, मोठं हॉटेल होतं ते.”

“मोठ्या हॉटेलात कोण विचारतं? तू तरी विचारलंस का?”

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, “अक्का, शुक्रवारचं बोलायचं होतं.”

शुक्रवारी घरात सुमंगली प्रार्थना होती. लग्नाआधी, घराण्यातल्या ज्या स्त्रिया नवऱ्याच्या आधी गेल्या त्यांना बोलवायचे, त्यांच्या नावाने कोरे लुगडे पाटावर ठेवायचे, सवाष्णींना जेवू घालायचे आणि नवरीने सर्वांचा आशीर्वाद घ्यायचा, अशी तंजावरच्या त्यांच्या घराण्याची रीत. या वेळी लुगडे श्रीरंजनीच्या नावाचे होते, आणि विधीला सुधींद्रची आत्या, गोदाअत्ती, येणार होती.

“सगळं ठरलंय की,” अक्का म्हणाली. “नऊ सवाष्णी. लुगडं गोदाअत्ती सोवळ्यात वाळत घालेल. मज हात लावता येत नाही, ठाऊक आहे. मी स्वयंपाकघरातच राहते.”

“तसं नाही. त्या दिवशी तू घरातच नसलीस तर...” तो खिडकीकडे वळला. “गोदाअत्ती अडून बसलीय. अक्षत आपल्या जातीतला नाही, तरी ती या लग्नाला येतेय. तिला अजून किती ताणायचं? मुलाकडचेही तसेच. मी खूप प्रयत्न केला, अक्का. दोन्हीकडे बोललो.”

अक्काने गॅस बारीक केला. “घरातच नको?”

“अर्धाच दिवस.”

“किती वाजेपर्यंत?”

“दोन.”

“लावण्याची वेणी कोण घालणार?”

“पार्लरची बाई येतेय.”

“तिला सांग, भांग डावीकडून काढ म्हणून. उजवीकडं भोवरा आहे, केस उभे राहतात.”

“सांगतो.”

“परवाइल्लै, असू दे. टी. नगरला नारायणस्वामींकडं जाते,” ती म्हणाली. नारायणस्वामी म्हणजे तिचा दीर. “लावण्याला काय सांगशील?”

“तूच जायचं म्हणालीस, असं सांगेन.”

“सरि,” अक्का म्हणाली, आणि मिक्सर लावला.

शुक्रवारी सकाळी सातला ती “जाऊन येते” म्हणाली आणि जिना उतरली. पार्लरच्या बाईने भांग उजवीकडून काढला. सुधींद्र सांगायला विसरला होता. साडेअकरापर्यंत केळीची पाने मांडून झाली. पाटावर अंजिरी लुगडे, त्यावर मोगऱ्याचा गजरा, आणि समोर ऐंशीच्या घरातली गोदाअत्ती गेलेल्यांची नावे घेत बसलेली. मृत्यूने ज्यांना वेळेवर नेले त्या साऱ्या आत होत्या.

त्याच वेळी लावण्याच्या होणाऱ्या सासूबाई, राजसबाई, धापा टाकत आत आल्या. त्या लोकलने मांबलम स्टेशनवर उतरून चालत आल्या होत्या.

“अय्यो, तुमच्या अक्का स्टेशनात कां बसल्यात?” त्यांनी दारातूनच विचारले.

सुधींद्र केळीची पाने सरळ करू लागला.

“बाकावर एकट्या. मी म्हटलं, चला की घरी. तर म्हणाल्या, तुमच्याकडच्यांनाच चालत नाही ना, तुम्ही जावा. आमच्याकडचं कोण म्हणालं असं?” त्यांनी पिशवीतून रेशमी साडी काढली. “ही मी त्यांच्यासाठीच आणली. पोरीला वाढवलं त्यांनी. पहिला नमस्कार त्यांना नको?”

“ती टी. नगरला गेलीय, नारायणस्वामींकडे,” सुधींद्र म्हणाला.

“तिथं कशी जाईल?” गोदाअत्ती म्हणाली. “आज त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण. तिथंही ती नकोच की.”

एका शहरात, एका शुभ दिवशी, दोन घरे तिची होती. म्हणून ती स्टेशनच्या बाकावर बसली होती.

लावण्या पाटावरून उठली. “अप्पा, तुम्ही म्हणालात अक्का आपणहून गेली.”

“लावण्या, परिस्थिती नाजूक होती. दोन्ही बाजूंच्या भावना लक्षात घेऊन...”

“हे उपेंद्र अंकलना सांगा. मला नाव सांगा. कोण म्हणालं?”

“मज बघू नको गे,” गोदाअत्ती म्हणाली. “तुझा बाप फोनवर म्हणाला, अक्का त्या दिवशी घरात नसेल. मी हूं म्हटलं. कां नको म्हणून विचारलं नाही, तेवढं पाप माझं.”

“अक्का आल्याशिवाय मी पाटावर बसणार नाही,” लावण्या म्हणाली. “आई रागावणार असेल तर रागावू दे.” ती अनवाणीच खाली धावली. राजसबाईही तिच्यामागे गेल्या.

पाऊण तासाने दोघीच परतल्या. बाक रिकामा होता. फुलवालीने सांगितले, त्या अम्मा तांबरमच्या गाडीत चढल्या. अक्काचा फोन स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला होता. नऊ सवाष्णी उपाशी बसून होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही जेवा म्हणण्याचे धैर्य कुणाला झाले नाही.

चार वाजता सुधींद्रला अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

“सुधी, मी बसमध्ये आहे. शेजारच्या मुलीचा फोन घेतला. तंजावरला चाललेय. जुन्या शाळेतली रुक्मिणीटीचर आहे, तिच्याकडं राहीन.”

“अक्का, परत ये. लावण्या रडतेय. राजसबाईंनी तुझ्यासाठी साडी आणलीय.”

“ऐकलं मी, स्टेशनात. चांगल्या आहेत बाई. पोर सुखात राहील.” मागे कुठेतरी कंडक्टर ओरडत होता. “मी लग्नाला येत नाही रे. पुन्हा कुणीतरी कुणाला सांगायचं, मग मी उठून जायचं, ते मज होणार नाही आता. बाकावर बसल्यावर कळलं, चोवीस वर्षं मी वेळ विचारूनच घराबाहेर जात होते.”

“अक्का...”

“एकच सांग. राजसबाई म्हणतात, त्यांनी नाही सांगितलं. मग गोदाअत्ती का? सांग, मी तिला काही बोलणार नाही. म्हातारी आहे.”

अत्तीचे नाव पुन्हा त्याच्या ओठांपर्यंत आले. ते घेतले असते तर अक्काने ते मानले असते, तिला क्षमाही केली असती, आणि भाऊ तिच्यापुरता निर्दोष राहिला असता. रीत, समाज, वातावरण, असे आणखी पुष्कळ शब्दही त्याच्यापाशी होते. आयुष्यभर त्याने त्यांवरच पोट भरले होते. दारात लावण्या उभी होती.

“सुधी? या मुलीचा फोन द्यायचाय.”

“अत्ती नाही, अक्का,” तो म्हणाला. “तुला घराबाहेर ठेवा, असं मला कुणीही म्हणालं नव्हतं. ते मीच ठरवलं.”