विहिरीवरचा पालथा स्फटिक

मी एक जुना स्फटिक आहे. खरं तर अर्धाच. वाटूरजवळच्या एका शेतात, विहिरीच्या काठावर, तोंड मातीत खुपसून बसलो आहे. मित्रांनो, अशा अवस्थेत स्वतःची कहाणी सांगायची म्हणजे जरा अवघडच, पण ऐका.

माझा जन्म काळ्या खडकातल्या एका पोकळीत झाला. तापलेला लाव्हारस थंड होताना त्यात एक बुडबुडा अडकला होता, तेच माझं घर. ना दार, ना खिडकी. खडकातून पाझरणारं पाणी गारगोटीचा अंश घेऊन यायचं आणि मी थराथराने वाढायचो. सुरुवातीला मी पांढरा होतो. पुढे पाण्यातून लोहाचे अगदी थोडे कण आले. मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. ते माझ्या टोकांवर येऊन बसले, मी त्यांच्याभोवती वाढलो आणि ते आतच राहिले. एका बाजूला दुसरीच कसली तरी घाण चिकटली, तिथली माझी वाढ रखडली. म्हणून माझा एक सुळका आजही आखूड आहे. शेजारचे मात्र ऐटीत पुढे गेले. फार राग यायचा. मी खडकात कैद आणि हे उपरे माझ्यात! खडकातल्या न दिसणाऱ्या मंद किरणांनी त्याच लोहातून मला जांभळा रंग चढवला होता, पण अंधारात तो कळणार कसा? मला एकच ध्यास होता, उजेडाचा.

कोट्यवधी वर्षांनी पुंजाराम नावाच्या शेतकऱ्याने तिथे विहीर खणायला घेतली. सुरुंग उडाला, माझे दोन तुकडे झाले आणि अंगावर ऊन पडलं.

"आरं, वांग्यावानी जांभळं हाय बघा!" पुंजाराम ओरडला.

तेव्हा मला कळलं की मी सुंदर आहे, आणि तेही ज्यांना मी शिव्या घातल्या त्या लोहामुळे. मला लाज वाटली.

पण ते सुख फार टिकलं नाही. माझा दुसरा तुकडा, म्हणजे माझा भाऊच, पुंजारामच्या धाकट्या भावाने, कल्याणने, जालन्याला नेला आणि उन्हाच्या खिडकीत मांडला. इकडे विहिरीला पाणी लागलं. काठावर साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवता मांडायच्या होत्या आणि गोल दगड सहाच मिळाले. पुंजारामची बायको तुळजाबाई म्हणाली, "ह्यो पाठीनं बराबर गोल हाय. पालथा घाला."

झालं! तोंड मातीत, पाठीवर शेंदूर. दर वर्षी हिरव्या बांगड्या, दहीभात आणि शेंदराचा आणखी एक थर. सगळे माझ्या पाठीला हात जोडत. खिडकीतल्या भावाचा मी मनापासून हेवा करायचो.

यंदा कल्याणची मुलगी आकांक्षा कापडी पिशवी घेऊन तुळजाबाईकडे आली.

"मोठीआई, आमच्या खिडकीतला तुकडा पार फिका पडला गं. उन्हानं रंग उडतो त्याचा. हा तरी मला नेऊ दे."

"न्हाई बाई. आसरा उठवली तर हिरीचं पाणी जाईल."

"बघू तरी दे. दिवस मावळल्यावर उचलते, ऊन लागायला नको."

"बघ मंग. पण न्यायचं न्हाई बिलकुल."

भावाचं ऐकून मी सुन्न झालो होतो. संध्याकाळी आकांक्षाने मला उताणं केलं, माती पुसली आणि दिवा जवळ धरला. माझा प्रत्येक सुळका जांभळा उजळला. तुळजाबाई वाकून माझ्याकडे बघू लागली.

"माय माय! इतकी वर्षं म्या तुझ्या पाठीलाच शेंदूर लावला!"

आकांक्षाने दिवा फिरवत माझा सुळकान् सुळका पाहिला. मग पिशवीची घडी घालत म्हणाली, "घरी नेऊन कपाटातच कोंडावं लागेल. त्यापेक्षा इथंच बरा." आणि जी मला सोडवायला आली होती, तिनेच मला हळूच पुन्हा पालथं घातलं.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला उन्हात ठेवू नका. खोटं कशाला बोलू, ऊन मला अजूनही हवं आहे. पण त्यापायी लोहाने दिलेला रंग मी गमावणार नाही. म्हणून इथेच राहीन. फक्त पालथं घालून विसरू नका. दिवस मावळला की दिवा घेऊन या, आणि एकदा माझं तोंड पाहून जा.