दोन खाटांमधली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. पण मला शोधायला माळ्यावर चढू नका, तिथे मी सापडायची नाही. मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात राहते. तलवारी, जादू आणि ड्रॅगन असलेला हा भलामोठा खेळ आहे. त्यात राहायला घरे मिळतात, पण ती पसंत पडली नाहीत तर हौशी लोक आपणच नवी घरे बनवतात आणि सगळ्यांना फुकट देतात. अशा जोडकामाला मॉड म्हणतात. तसल्याच एका घरात, दोन खाटांच्या मधोमध, माझी जागा आहे. माझी हकिगत सांगताना माझी मान खाली आहे, आणि ती का, हे तुम्हाला कळेलच.

आमचे घर एका बाईने बांधले. ती आठवडाभर एका फर्निचरच्या दुकानात लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढायची आणि सुट्टीच्या दिवशी आमचे घर उभारायची. ओट्याची उंची, खिडकीतले ऊन, पुस्तकांची फळी, सगळे तिने मापात बसवले. अकरा पेट्या तिने नव्या घडवल्या. बारावी मी. खेळातल्याच एका दरोडेखोरांच्या गुहेतून तिने मला उचलले, कारण माझ्या कडांचे पितळ तिच्या मनात भरले. नेमकी तिथेच माशी शिंकली. गुहेतल्या पेट्यांना एक खोड असते. दहा दिवस कोणी फिरकले नाही की त्या आतले सगळे टाकून देतात आणि दुसरेच काहीबाही भरून ठेवतात, म्हणजे पुढे येणाऱ्याला काहीतरी सापडावे. हे दिवस खेळातले, भराभर सरणारे. ही खोड घालवायला एक बारीकशी खूण काढून टाकावी लागते. ती काढायची बाई विसरली.

मला माझी खोड ठाऊक होती. मी गप्प राहिले. मला तोंड नाही हे खरे, पण असते तरी मी बोलले असते का? मला खात्री नाही. ‘ती पितळी पेटी काय देखणी आहे!’ असे लोक लिहायचे आणि मी फुगून जायचे.

एका शनिवारी दोन बहिणी घर निवडायला बसल्या. ताई चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, धाकटी कॉलेजात होती. दोघींत एकच कॉम्प्युटर आणि एकच खेळ. सकाळी ताईने खेळायचे, आणि तिने थांबवले तिथून दुपारी धाकटीने पुढे न्यायचे.

“हे बघ, धबधब्यातलं घर!” धाकटी म्हणाली.

“आणि भिंतींना ओल आली की पुसणार कोण, तू?”

“बरं, मग हा महाल?”

“हा महाल आहे की लग्नाचा हॉल? झाडता झाडता म्हातारी होशील.”

मग त्यांना आम्ही दिसलो. “दोन खाटा! आणि मधली पेटी दोघींची!” धाकटी ओरडली. त्यांनी चित्रे पाहिली, कौतुक वाचले. खाली एकाने लिहिले होते, ‘माझे जोडे पेटीतून गायब झाले.’ त्यावर बाईचे उत्तर होते, ‘तुम्हीच कुठे ठेवून विसरला असाल.’ दोघी खदखदून हसल्या. मला मात्र हायसे वाटले. आज त्या हायसे वाटण्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते.

सुरुवातीला सगळे छान चालले. त्या रोज घरी येत, म्हणून माझी खोड उघडी पडली नाही. खेळात जादू घातलेल्या वस्तूला हवे ते नाव देता येते. तेव्हा दोघी मला टपालपेटीसारखी वापरू लागल्या. कधी माझ्यात ‘दूध संपलंय’ नावाचा खंजीर असे, तर कधी ‘माझा ड्रेस नेलास ना?’ नावाचे शिरस्त्राण.

पुढे ताईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. आईला इतक्यात सांगू नकोस, असे तिने धाकटीला बजावले होते. धाकटीच्या तोंडात तीळ भिजला नाही. घरात नुसता गहजब झाला आणि ताईने अबोला धरला. एकाच खोलीत राहून दोघी आईमार्फत बोलू लागल्या. “आई, तिला सांग, पंखा बंद कर.” “आई, तिला सांग, हात आहेत ना?” आई बिचारी जेरीस आली. ताईला जायला चार दिवस उरले होते.

एका दुपारी धाकटीने चांदीची अंगठी बनवली. तिला नाव दिले, ‘ताई, माझं चुकलं’, आणि ती माझ्यात ठेवली. पण ताईने मला उघडावे याचा तिला धीर होईना. ती खेळातल्या बर्फाच्या डोंगरांत उगाच भटकत राहिली. खेळातले बारा दिवस भटकली, मग मन घट्ट करून घराच्या दारात येऊन थांबली आणि खेळ बंद केला. जेवताना म्हणाली, “आई, ताईला सांग, पेटी बघ म्हणावं.”

मित्रांनो, तोवर मी अंगठी टाकून दिली होती. तिच्या जागी एक गंजका चाकू आणि दोन बटाटे ठेवले होते.

सकाळी ताईने मला उघडले. तिला वाटले, धाकटीने आपली थट्टाच मांडली आहे.  ती उठून म्हणाली, “आई, तिला सांग, बटाटे मिळाले.”

धाकटीला वाटले, आपल्या माफीची ताईने टिंगल केली. ती टॉवेलात तोंड खुपसून रडली. ताई गेली तेव्हा ती दारापर्यंतसुद्धा आली नाही. चार महिने दोघींत एक शब्द नाही.

तक्रारी वाढल्या तेव्हा कुठे बाईने आमची परीक्षा घेतली. प्रत्येक पेटीत एक तलवार ठेवून ती दहा दिवस बाहेर राहिली. अकरा तलवारी जागच्या जागी होत्या. माझ्यात एक फाटका बूट निघाला. तिने माझी खोड काढली आणि सगळ्यांना दिसेल असे लिहिले, ‘चूक माझी होती. ज्यांना मी विसरभोळे म्हटले, त्यांची माफी मागते. दोन खाटांमधल्या पेटीतून गेलेल्या वस्तू परत येणार नाहीत.’

ते वाचून धाकटीने खुर्चीतूनच ताईला फोन लावला.

“ताई, ते बटाटे मी ठेवले नव्हते.”

“मग कोणी?”

“पेटीनं. मी अंगठी ठेवली होती. तिला नाव दिलं होतं.”

“काय नाव?”

 धाकटी एकदम म्हणाली, “ताई, माझं चुकलं.”

पलीकडे ताईने नाक ओढले. “वेडे, हे तोंडानं सांगायला काय झालं होतं गं?”

“तू बघत तरी होतीस का माझ्याकडे?”

“नव्हते बघत,” ताई म्हणाली. “माझंही चुकलं.”

सुट्टीत ताई आली आणि दोघींनी नवे घर निवडले. या वेळी आधी तिथल्या पेटीत एक बटाटा ठेवून दहा दिवस वाट पाहिली. मग माझ्यातले सगळे सामान हलवले. मी त्यांना कोणत्या तोंडाने थांबवणार होते?

मित्रांनो, घर निवडताना चित्रांवर आणि कौतुकावर भुलू नका. ज्याने तक्रार केली आहे त्याला हसू नका. आणि माफी मागायची असेल तर ती माझ्यासारखीच्या हवाली करू नका, तोंडाने मागा.

जाताना ताईने त्या दिवशीच्या दोन बटाट्यांतला एक पुन्हा माझ्यात ठेवला.

“हा कशाला?” धाकटीने विचारले.

“बघू, आता तरी सांभाळते का.”

त्यानंतर खेळातले कित्येक दिवस उलटले. त्या अजून बघायला आलेल्या नाहीत. बटाटा आहे तिथेच आहे.