सगळ्यांचं सामान माझ्याकडे

माझे धाकटे दीर एका करमणूक पार्कचे मॅनेजर आहेत. यंदा त्यांनी पोरांची आगगाडी आणि फिरते कप उखडून ती सगळी जागा एका अवाढव्य रोलर कोस्टरला दिली. "छोट्या राइडसाठी कोण येतंय, वहिनी?" पण लोक दुपारीच घरी का पळतात, या विचाराने त्यांची झोप उडाली होती.

रविवारी त्यांनी अख्ख्या घराला फुकट नेलं. कोस्टरवर खिशात काही चालत नाही, म्हणून सगळ्यांनी फोन, चष्मे, पाकिटं आणि गाडीची किल्ली माझ्या पिशवीत कोंबली आणि भाऊजींमागोमाग रांगेत घुसले. मला विचारलंसुद्धा नाही. खाली उरलो मी, गुडघ्यांनी बेजार सासूबाई आणि उंची कमी म्हणून परत पाठवलेली माझी धाकटी. सावली नाही, टेकायला बाक नाही.

"मग मी कशात बसू?" म्हणत धाकटीने भोकाड पसरलं. दाखवायला होतं काय?

तासाभराने रांग जेमतेम अर्धी सरकली. सासूबाई म्हणाल्या, "चल गं. यांची हौस फिटेपर्यंत माझा जीव जाईल."

मी गाडी काढली. घरात पाऊल टाकतो तोच पिशवीत नवऱ्याचा फोन वाजला. भाऊजी ऑफिसातून ओरडत होते, "वहिनी, आहात कुठे?"

"घरी. लोक दुपारीच का जातात, ते रांगेतल्यांना विचारू नका, भाऊजी. गाडीची किल्ली त्यांच्याकडे नसते."