मोडायचं धनुष्य

कोंडीबा सुताराच्या हातची वस्तू मोडत नाही, असं सोलापुरात शुक्रवार पेठेतला जो तो म्हणायचा. म्हणून चनबसप्पा आडत्यानं त्याच्याकडे मोडणारं धनुष्य मागितलं, तेव्हा दुकानात टेकलेली माणसं हसली. कोंडीबा हसला नाही. आठ महिन्यांत तो कशालाच हसला नव्हता, आणि रडलाही नव्हता.

एकोणीसशे सव्वीस-सत्तावीस सालची गोष्ट. रामनवमीला पेठेत धनुष्यभंगाचा खेळ व्हायचा. तो बसवायचा चनबसप्पा; करडईची आडत सांभाळून उरलेला सगळा जीव त्याचा नाटकात. मागल्या साली त्यानं बांबूला बेगड चिकटवून धनुष्य केलं होतं. बांबूच तो, वाकला, पण मोडेना. राम झालेला गडी गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम; त्यानं तो गुडघ्यावर घेतला, पायाखाली घेतला, शेवटी मुकुट सावरत त्यावर बसला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या आणि चनबसप्पाची पेठभर शोभा झाली.

"औंदा कडाड आवाज झाला पायजे बग," तो म्हणाला. "आन् मोडूस्तवर कुनाला काय दिसता कामा नये."

"बरं," कोंडीबा म्हणाला.

इथं आठ महिन्यांमागचं सांगायला हवं, नाहीतर या माणसाचं तोंड असं लाकडासारखं का, ते कळायचं नाही. नागपंचमीला त्याची एकुलती लेक वच्छला मंद्रूपहून माहेरी यायला निघाली होती. तिला आणायला गुरप्पाचा टांगा गेला. कोंडीबानंच धाडला होता, आदल्या दिवशी त्याला घोडं जुंपायच्या नव्या दांड्या बसवून. विजापूर रस्त्यावरच्या ओढ्यात उतरताना उजवी दांडी तुटली, टांगा उलटला आणि वच्छला चाकाखाली गेली. गुरप्पानं घोडं पिटाळलं म्हणून पोर गेली, असा बोभाटा झाला. लोकांनी त्याला तिथंच बडवला. पुढं त्याच्या टांग्यात कुणी बसेना. घोडं विकून तो स्टेशनावर गासड्या वाहू लागला. कोंडीबाची बायको गोजरबाई तो रस्त्यात दिसला की थुंकायची.

खरं काय ते कोंडीबाला ठाऊक होतं. धामणीच्या चिवट लाकडाच्या त्या दांडीला खालच्या अंगानं गाठ होती आणि गाठीत चीर होती. दुसरी दांडी काढायची तर आणखी दोन दिवस लागले असते, आणि पंचमी तोंडावर आलेली. त्यानं चिरेत लाख आणि भुसा भरला, कानस फिरवली, वरून रंग दिला. दाराच्या फळीला, पाळण्याच्या कठड्याला सगळेच सुतार असं करतात. टांग्याच्या दांडीला कुणी करत नाही, हे त्याला तेव्हाही माहीत होतं. पण लेक नव्या दांड्यांच्या टांग्यातून पेठेत उतरावी, अशी बापाला हौस होती.

तेव्हापासून तो गप्प होता. गुरप्पाला त्यानं शिवी दिली नाही की हात लावला नाही. आणि त्याची चूक नाही, असंही कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायला हवी होती, तीही वाटत नव्हती. बसून बसून पाय मेल्यासारखा होतो, तसा तो सगळाच होऊन गेला होता. ताटात पडेल ते खायचा, दुकानात यायचा, पाट-पोळपाट करत बसायचा. दांडीचं काम आलं की दुसऱ्या सुताराकडे बोट दाखवायचा.

धनुष्याचं लाकूड निवडायला त्याला वेळ लागला नाही. चनबसप्पाचं म्हणणं, पांगारा घे, मऊ असतो.

"पांगारा फसकन मोडतो, शेठ. आवाज न्हाय त्याला."

त्यानं कोपऱ्यातून धामण ओढली. त्याच ओंडक्यातली, दांड्या काढून उरलेली. वाकसानं तासली, रंधा मारला, दोरीसाठी टोकांना पटाशीनं खोबणी पाडल्या. हात आपले आपण चालत होते.

खाच कुठं घ्यायची, तेही हातांना ठाऊक होतं. वाकताना लाकूड बाहेरच्या अंगानं ताणलं जातं, म्हणून मुठीच्या बाहेरच्या अंगाला. भिंतीवर तीन करवती होत्या. त्यानं बारीक दातांची घेतली, कारण जाड करवतीची रेघ झाकता झाकत नाही. तीन हिस्से लाकूड कापलं, एक हिस्सा ठेवला.

चनबसप्पानं घरचं करडीचं तेल आणलं होतं, चांगला डबाभर. "हे चोळ की! कसं लखलखंल!"

"तेल खाचंत शिरतं. काळी रेघ दिसंल."

"मग बेगड लावू?"

"बेगड आदी सुरकुततं. लोकास्नी कळतंय."

"झाकायचं काम तुज्याकडनंच शिकावं बाबा," असं म्हणत चनबसप्पानं डबा उचलला आणि गेला. कोंडीबाच्या हातात लाख वितळवायला तापवलेली सळई होती. सळई निवली, ती त्यानं पुन्हा निखाऱ्यात घातली.

मग लाख वितळवून खाचेत उतरवली, तिच्यात धामणीचाच भुसा दाबला. निवल्यावर कानस फिरवली, काचेच्या तुकड्यानं खरवडलं, सरसात कालवलेली तांबडी काव लावली आणि त्यावर स्पिरिटात विरघळवलेल्या चपडा-लाखेचे चार हात दिले. उन्हात धरून पाहिलं तर काही दिसेना. बोट फिरवलं तर बोटालाही लागेना. कुठल्याही कारागिराला बरं वाटावं असं काम झालं होतं. त्याला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. दांडीसुद्धा अशीच दिसत होती, एवढंच त्याच्या मनात आलं.

रामनवमीला उन्हं उतरल्यावर खेळ उभा राहिला. एकेक राजा आला, मिशीला पीळ देऊन धनुष्याला लटके हिसके मारून गेला. धनुष्य जागचं हललं नाही. मग राम आला. त्यानं दोरी चढवून ओढली मात्र, अशी कडाडून मोडली धामण की मांडवावरची कबुतरं उडाली. लोकांनी जयजयकार केला. चनबसप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं कोंडीबाला दंडाला धरून वर ओढलं.

"कसं केलंस सांग की समद्यास्नी!"

कोंडीबानं खालचा तुकडा उचलला. मोडलेल्या तोंडाशी लाख तांबूस चमकत होती.

"खाच घेतली," तो म्हणाला. "लाख-भुसा भरला. वरनं रंग दिला." लोकांनी टाळ्या वाजवल्या. "वच्छीच्या टांग्याची दांडी बी म्या अशीच भरली व्हती."

टाळ्या थांबल्या. लेकीच्या दुःखानं याचं डोकं फिरलं, असं कुणीतरी पुटपुटलं. चनबसप्पा त्याला पडद्याआड नेऊ लागला, तर कोंडीबा हात सोडवून खाली उतरला. त्याला अजूनही काही वाटत नव्हतं. इतके दिवस हात चालायचे, आज तोंड चाललं होतं.

गुरप्पा मागं लिंबाखाली उभा होता, खांद्यावर हमालीचं पोतं टाकून. कोंडीबानं तुकडा त्याच्यापुढं धरला. "बग."

गुरप्पानं तो घेतला नाही. "बगितलंय म्या, मिस्त्री. त्याच दिशी. दांडीत लाख दिसत व्हती. मागनं आनिक कुनाला दिसाया नको म्हनून तुकडा म्याच वढ्याच्या पान्यात सोडला."

"आन् बोलला न्हाईस?"

"समद्यांनी मारलं मला. तुमची तर पोटची पोर गेली, पन तुमी बोट लावलं न्हाई, शिवी दिली न्हाई. मला वाटलं, येवडा भला मानूस. ह्यास्नी कशाला सांगू, की तुमच्याच हातानं..."

गोजरबाई बायकांतून उठून कोंडीबाच्या मागं येऊन उभी राहिली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नवऱ्याच्या हातातला तुकडा घेतला, नखानं लाख उकरली आणि नखाकडे पाहत राहिली. मग गुरप्पाला म्हणाली, "भाऊ, जेवायला चला घरला." नवरा आपला मागोमाग गेला.

तिनं दोघांना पाट मांडले, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. गुरप्पा पहिल्या घासाला थबकला, पण परक्याच्या ताटाला नावं ठेवणारा तो नव्हता. मान खाली घालून जेवत राहिला. कोंडीबानं घास घेतला. तो तोंडात फिरायला लागला.

"मीठ न्हाय ग भाजीत," तो म्हणाला.

"वच्छी गेल्यापास्नं न्हाय," गोजरबाई चुलीकडे तोंड करून म्हणाली. "आट महिनं या घरात कशातच मीठ पडलेलं न्हाय."

तिनं फळीवरचं मिठाचं गाडगं काढलं, गुरप्पाच्या ताटात चिमूटभर मीठ वाढलं आणि गाडगं परत जागेवर ठेवलं. कोंडीबा तोंडातल्या घासासकट रडायला लागला.